मास्तरणीचा शेवटचा रिटर्न

इन्कम टॅक्सचा रिटर्न घरीच बसून भरायचा असं मी ठरवलं, त्या दिवशी मला अडवायला घरात कोणी नव्हतं. एवढंच झालं. बाकीचा सगळा तमाशा त्याच्यापुढचा.

रिटर्न माझा नव्हता, बायकोचा होता. बायको जानेवारीत गेली. मेलेल्या माणसालाही रिटर्न भरावा लागतो हे मला माहीत नव्हतं. (तुम्हालाही नसेल. उगाच मान हलवू नका.) पण लागतो. माणूस वर्षाच्या मध्येच गेला, तर जेवढे दिवस तो होता तेवढ्या दिवसांचं सरकारला सांगावं लागतं. आणि ते सांगायचं वारसानं. वारस म्हणजे मी. सोमाजी खोब्रागडे, वय एकाहत्तर, मुक्काम राजुरा, शिक्षण चौथी नापास.

बायको मात्र मास्तरीण होती. विशाखा नाव. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं. मी कोळशाच्या खाणीत. तिच्या बापानं माझी पक्की नोकरी पाहिली आणि शिक्षण पाहायचं विसरला, म्हणून ते लग्न जमलं. आयुष्यभर ती माझी भाषा सुधारत होती. म्हणून बघा, लिहिताना मी 'मला' लिहितो. बोलताना तोंडातून 'मले'च निघतं. तेवढं तिला शेवटपर्यंत जमलं नाही.

तिची एक निळी फाईल होती. तिच्यात रिटर्न भरल्याच्या बावीस पावत्या, एकीवर एक, कोपऱ्याला कोपरा लावून. आधी कागदावर भरायची, नंतर कॉम्प्युटरवर. जुलैतला एक रविवार त्या कामाचा. त्या दिवशी घरात मोठ्यानं खोकायचं नाही. बावीस वर्षांत एकदाही उशीर नाही, एकदाही चूक नाही. आता तेविसावा आणि शेवटचा. तो वेळेवर, बिनचूक आणि घरातूनच जायला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं. माणूस गेल्यावर त्याच्यासाठी करण्यासारखं काही उरतच नाही हो. पुण्यानुमोदनाला जेवण दिलं, तिच्या शाळेला दोन पंखे दिले, झालं. हे एकच काम उरलं होतं.

आमची मुलगी दिव्या चंद्रपूरला दवाखान्यात नर्स आहे. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, वारस म्हणून माझी नोंदणी, हे सगळं तिनंच करून दिलं. मग म्हणाली, "बाबा, आता बाजारातल्या टॅक्सवाल्याकडं कागदं देऊन या."

गेलो.

"काय काम, भाऊ?" टॅक्सवाल्यानं विचारलं. डोळे कॉम्प्युटरात.

"बायकोचा रिटर्न."

"बाई कुठी हायेत?"

"गेली."

"कधी येतीन?"

"नाई येत आता."

त्यानं मान वळवली नाही. आतल्या माणसाला ओरडला, "अबे, एक डेथ केस आली. कागदं ठेवून घे!"

मी म्हटलं, "डोक्यावर एक केस नाई तुह्या, अन् माह्या बायकोले केस म्हणतं?" फाईल काखेत मारली आणि बाहेर आलो. मागून तो "भाऊ, ओ भाऊ" करत होता. (माणसाशी नीट बोलावं असं विशाखा मला रोज सांगायची. त्या टॅक्सवाल्याला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही.)

घरी येऊन दिव्याला फोन लावला. "मी घरीच भरतो."

"बाबा, तुमाले नाई जमणार."

"काऊन? सॉफ्टवेअर मिळते ना त्याचं?"

"मिळते. ढीगभर मिळतात. कोणतं घ्याल?"

"ठोकून घेईन."

हे 'ठोकून' काय ते सांगतो. खाणीत माझं काम छत ठोकायचं. सुरुंग उडाला की सगळ्यांच्या आधी आत जायचं आणि लोखंडी सळीनं डोक्यावरचा दगड ठोकत ठोकत पुढं सरकायचं. टणटण वाजला तर पक्का. ढबढब वाजला तर आतून पोकळ, कधी खाली येईल सांगता येत नाही. पळायचं. एकतीस वर्षं मी दगडाचा आवाज ऐकून सांगितलं की इथं माणसं पाठवा, इथं पाठवू नका. माझ्या पाळीत एकही माणूस दबला नाही. दगड ओळखला, तर सॉफ्टवेअर काय मोठं?

ठोकायचं म्हणजे काय, तर मुद्दाम खोटं भरायचं. जे सॉफ्टवेअर खोटं गुपचूप गिळतं ते पोकळ. जे अडवतं ते पक्कं. तुम्ही हसा. पण शिकलेली माणसं सॉफ्टवेअर कसं निवडतात ते मी पाहिलं आहे. वर तारे किती आहेत ते मोजतात.

लॅपटॉप तिचाच. चष्माही तिचाच, नंबर जवळपास सारखा. पासवर्ड फाईलच्या आतल्या बाजूला तिनं लिहून ठेवला होता. इंग्रजी अक्षरांत 'गपबसा' आणि पुढं आमच्या लग्नाचं साल. एवढी वर्षं ती रोज सकाळी ते टाइप करत होती आणि मी शेजारी बसून चहा पीत होतो.  आता भांडणार कोणाशी?

पहिलं सॉफ्टवेअर 'झटपटकर'. उघडल्याबरोबर म्हणालं, 'हाय सोमाजी!' नातवंडं असलेल्या माणसाला हाय. बरं, म्हटलं, आजकालची पद्धत असेल. वय विचारलं. मी भरलं, एकशे एकाहत्तर. ते म्हणालं, 'अभिनंदन! आपण अतिज्येष्ठ नागरिक आहात!' आणि पडद्यावर रंगीत कागद उडाले.

ढबढब. बंद केलं.

पण त्याच्याजवळ विशाखाचा नंबर गेला होता. दुसऱ्या दिवसापासून तिच्या मोबाईलवर मेसेज सुरू. 'विशाखा, तुम्ही कुठे आहात? आम्हाला तुमची आठवण येते!' तिचा मोबाईल मी चालू ठेवला आहे. दर महिन्याला रिचार्ज मारतो. (कशाला, असं दिव्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, ओटीपी येतात. तेव्हा कशाचे ओटीपी येत होते? पण काहीतरी सांगावं लागतं.) तर रोज सकाळी तो मोबाईल वाजायचा आणि म्हणायचा, तुमची आठवण येते. मी त्याला म्हणायचो, "तुले काय येते बे? एका दिवसाची तुही वळख."

दुसरं 'करसोबती'. हे मराठीत होतं, म्हणजे पुस्तकातल्या मराठीत. 'आपल्या गृहमालमत्तेत भाडेकरू वास्तव्यास आहे काय?' मी भरलं, आहे. 'भाडेकरूचे नाव?' मी भरलं, पट्टेदार वाघ. आमच्याकडं वाघ कुठंही वास्तव्यास असतो, त्यात नवल नाही. ते सॉफ्टवेअर थोडा वेळ गोल गोल फिरलं आणि म्हणालं, 'कृपया पट्टेदार वाघ यांचा पॅन क्रमांक प्रविष्ट करा.'

याचं मला थोडं कौतुक वाटलं. निदान कागद तरी मागितला. पण विशाखाचं नाव मी ज्याच्या हवाली करणार, त्यानं वाघाला माणूस समजावं हे काही मला पटलं नाही. बंद केलं.

असे सतरा दिवस गेले. पाऊस चालू, वीज जाऊन येऊन. शेजारची मोनाली, अंगणवाडीत असते, ती भिंतीवरून विचारायची, "भाऊ, झाला का बाईंचा रिटर्न?" मी म्हणायचो, "ठोकून राह्यलो." ती पुढं विचारत नसे.

शेवटच्या तारखेला सकाळी तिसरं सापडलं. 'वारसमित्र'. खास मेलेल्यांच्या रिटर्नसाठीच. नाव बघूनच मला बरं वाटलं. एकशे एकाहत्तर वय भरलं, त्यानं लाल करून परत पाठवलं. भाडेकरू वाघ भरला, तर म्हणालं, 'हे नाव वैध वाटत नाही.' टणटण! मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. एवढा पक्का दगड मी बऱ्याच वर्षांनी ऐकला.

एकाच गोष्टीवर आमचं वाजलं. मृत व्यक्तीच्या नावापुढं त्याच्याकडं दोनच शब्द होते, 'कै.' आणि 'स्व.' आम्ही बौद्ध माणसं. आमच्यात 'कालकथित' म्हणतात. कैलासात आमचं कोणी नाही आणि स्वर्गात जायचं तर विशाखानं आयुष्यभर वाद घातला असता. मी ती जागा रिकामी सोडली. त्यानं सोडू दिली. समजूतदार वाटलं.

आता जुन्या छतवाल्याची एक खोड असते. चार ठिकाणी पक्का वाजला तरी बरोबर मधोमध एक शेवटचा ठोका मारल्याशिवाय तो माणसं आत पाठवत नाही. तर मी मधोमध ठोकलं. जिथं लिहिलं होतं 'मृत व्यक्ती', तिथं माझं नाव, माझा पॅन भरला. जिथं होतं 'रिटर्न भरणारा वारस', तिथं विशाखाचं भरलं. नातं, पत्नी. आणि वाट पाहत बसलो, की आता हे अडवणार.

अडवलं नाही.

'धन्यवाद, विशाखाताई. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पुढे जाऊ या.'

ढबढब होतं ते. स्वच्छ ऐकू आलं मला. एकतीस वर्षांचे कान आहेत. तिथंच बंद करून पळायला पाहिजे होतं.

पण पडद्यावर वर एक ओळ आली होती. 'सोमाजी खोब्रागडे (मृत). रिटर्न भरणार: विशाखा खोब्रागडे.' मी ती वाचली. परत वाचली. आणि खरं सांगू का, मला ती चुकीची वाटेना. उलट, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी जागच्या जागी बसल्यासारखं वाटलं. सात वर्षं मी तिच्यापेक्षा मोठा. फुप्फुसात कोळसा माझ्या. डॉक्टर माझ्याकडं बोट दाखवायचे, तिच्याकडं नाही. नंबर माझाच होता. ती मध्येच पुढं घुसली. शाळेत पोरांना रांग शिकवणारी बाई!

ती असती तर काय झालं असतं ते डोळ्यांपुढं यायला लागलं. म्हणजे मी नसतो तर. छत गळतं ते तिनं एका आठवड्यात नीट करून घेतलं असतं. माझ्या भंगाराच्या डब्या तिनं हसत हसत विकल्या असत्या. दर रविवारी दिव्याकडं गेली असती. आणि हा रिटर्न तिनं जुलैच्या पहिल्याच रविवारी भरून टाकला असता, कोपऱ्याला कोपरा लावून. घर चाललं असतं हो. आता चालतं ते काय चालणं आहे? दोन महिने मी वरणात जिरं घालायचं असतं हेच विसरलो होतो.

तर मी बंद केलं नाही. 'पुढे' दाबलं. ते विचारत गेलं, मी तिच्या नावानं उत्तरं देत गेलो. 'कुटुंबातील संपर्काची व्यक्ती?' दिव्याचं नाव आणि नंबर दिला. ओटीपी विशाखाच्या मोबाईलवर आला, तो टाकला. 'जतन करा' दाबलं. मग लॅपटॉप उघडाच ठेवला, माझा मोबाईल चार्जिंगला लावला आणि वांगी आणायला बाजारात गेलो. दुपारचा दीड वाजला असेल. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

तास-दीड तासानं परत आलो तर माझ्या ओट्यावर माणसं.

मोनाली भिंतीला टेकून रडत होती. दोन बाया तिला धरून. आणि पायरीवर, डोक्यावर टॉवेल घेऊन, लालसू बसला होता. लालसू माझ्याच पाळीत होता खाणीत, घर तीन दारं सोडून. तीन वर्षांपासून आम्ही बोलत नव्हतो. त्याची बांबूची शिडी माझ्याकडं राहिली होती, ती त्यानं चार माणसांत मागितली, म्हणून मी दिली नाही. (मागायची पद्धत असते.)

मी म्हटलं, "काऊन बसले बे इथी सगळे? कोण गेलं?"

लालसूनं टॉवेल वर केला. माझ्याकडं पाहिलं. हातातल्या वांग्यांकडं पाहिलं.

"तू," तो म्हणाला.

"मी काय?"

"तू गेला. दिव्याचा फोन आलता मोनालीले. तुहा फोन कोणी उचलून नाई राह्यलं, घराचं दार बंद. आमी म्हटलं, अंदर पडून असशील."

"मी वांगे आणाले गेलतो!"

"ते आता समजलं." तो उठला. चेहरा आंबट. "म्हणजे मी फुकटच माफ केलं."

"कोणाले?"

"तुले. रस्त्यानं येता येता. म्हटलं, मेला बिचारा, जाऊ द्या शिडी. मेणबत्ती पण आणली, तुमच्यात लागते म्हणून." खिशातून त्यानं खरंच मेणबत्ती काढली. "आता माफी वापस."

"घेऊन जा. मेणबत्ती पण घेऊन जा."

"मेणबत्ती राहू दे. कामी येईल."

मोनालीनं डोळे पुसले आणि मला अशी शिवी दिली की अंगणवाडीत काय शिकवत असेल देव जाणे. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी स्कूटी वळली. दिव्या. अंगावर दवाखान्याचे कपडे, हेल्मेट नाही, चेहरा पावसानं भिजलेला की रडून, ते कळत नव्हतं. चंद्रपूरहून राजुऱ्यापर्यंत कोळशाच्या ट्रकांमधून ती स्कूटी चालवत आली होती.

स्कूटी तिनं उभी केली नाही, पाडली. चार पावलं आली. मला पाहिलं. मला वाटलं गळ्यात पडेल. ती ओट्यावर बसली आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

"बेटा," मी म्हटलं, "मी बरा हावो."

"दिसून राह्यलं मले."

"कोणी सांगितलं तुले?"

तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. वारसमित्राचा मेसेज. 'प्रिय दिव्या, आपल्या आई विशाखा यांनी आपले दिवंगत वडील सोमाजी यांच्या रिटर्नसाठी आपल्याला संपर्क व्यक्ती नेमले आहे. या कठीण प्रसंगी आम्ही आपल्यासोबत आहोत.' खाली हात जोडल्याचं चित्र आणि त्याच्या शेजारी एक फुगा.

"असं कोण भरते, बाबा? काऊन भरलं असं?"

"ठोकून पाहून राह्यलो होतो."

"दीड वाजता आला हा. वॉर्डात होती मी. तुमाले वीस फोन केले."  मग खालच्या आवाजात म्हणाली, "पण आधी वरची ओळ वाचली मी. आईचं नाव. आईनं नेमलं, असं. बाबा, एक सेकंद मले काय वाटलं माहीत हाये का?"

"काय?"

"की आई हाये. अन् तुमी गेले." तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "अन् मले बरं वाटलं. एकच सेकंद. मंग इथपर्यंत त्याच्यासाठीच रडत आली मी."

 मोनालीनं त्या दोन बायांना घेऊन हळूच फाटक लावलं. मी वांगी खाली ठेवली, तिच्याजवळ बसलो. बसायला वेळ लागतो मला, गुडघे.

"मले पण तेच वाटलं," मी म्हटलं. "म्हणून तं बंद नाई केलं."

ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला ते काम जमत नाही, दगडावर ठेवल्यासारखाच ठेवला असेल.

मागून लालसू म्हणाला, "वाटाले काय, मले पण वाटलं. मास्तरीणबाई असत्या तं शिडी कवाचीच वापस आली असती."

आधी दिव्या हसली. रडता रडताच हसली. मग मला उठून शिडी आणून द्यावीच लागली.

तीन वाजून गेले होते. दिव्यानं तोंड धुतलं, पदर नाही म्हणून माझ्याच टॉवेलनं पुसलं, आणि आईच्या खुर्चीत बसली. "आज शेवटची तारीख हाये, माहीत हाये ना?" माझी ती भरलेली भानगड तिला पुसता येईना. वारसमित्रात एकदा जतन केलेला मेलेला माणूस जिवंत करायची सोय नव्हती. तिनं दुसरं खातं उघडलं. मृत व्यक्ती, विशाखा. वारस, सोमाजी. तिनं टाइप केलं आणि मी खिडकीबाहेर पाहिलं.

दीड तासात सगळं भरून झालं. पेन्शनचा कागद, बँकेचा कागद, फाईलमध्ये तिनं मरायच्या आधीच लावून ठेवले होते. आजारी होती तेव्हा. मला सांगितलंही नाही.

शेवटी एक पान आलं. मी असं असं सत्य सांगतो की मी अमुकचा वारस. खाली एक बटण.

"दाबा," दिव्या म्हणाली.

"नाव नीट हाये का तिचं?"

"हाये."

"पेन्शनचा आकडा परत पाय."

"दोनदा पायला, बाबा."

"पॅन?"

"बाबा."

मी म्हटलं, "हे दाबलं की झालं ना? मंग तिच्या नावानं काही भराचं नाई राहत?"

"नाई राहत. हा शेवटचाच."

"पुढच्या जुलैत?"

"पुढच्या जुलैत काही नाई."

"मंग उद्या दाबू."

दिव्या काही रागावली नाही. नर्स आहे ती, असल्या म्हाताऱ्यांची तिला सवय. फक्त एवढं म्हणाली, "उद्या लेट होईल. आईचा लेट करता?"

मी दाबलं.

पावती आली. तेविसावी. पाच वाजायला दहा मिनिटं होती. दिव्यानं ती मोबाईलमध्ये घेतली, म्हणाली छापून आणते उद्या. मी म्हटलं, कोपरे सरळ काप. ती बॅग उचलून निघणार, तेवढ्यात दारात थांबली.

"आता तुमचा."

"माहा काय?"

"रिटर्न. तुमाले पेन्शन हाये, बँकेचं व्याज हाये."

"माहा नसते रिटर्न. मी कधीच नाई भरला."

तिनं निळी फाईल उचलली. मागं एक कप्पा होता, मी कधी पाहिलाच नव्हता. त्यातून एक गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला. सगळ्या पावत्यांवर माझं नाव. सोमाजी, सोमाजी, सोमाजी. प्रत्येकीची तारीख विशाखाच्या पावतीचीच.

"आई आधी तुमचा भरे," दिव्या म्हणाली, "मंग तिचा."

आता आठवलं. दर जुलैत त्या रविवारी ती आतून आवाज द्यायची, "अहो, तुमच्या मोबाईलवर एक नंबर आला असेल, वाचून दाखवा." मी ओट्यावरून मोठ्यानं वाचून दाखवायचो. माझी समजूत अशी की मी तिला मदत करतो आहे. लोकांना सांगायचोसुद्धा, बायकोच्या रिटर्नमध्ये माझा हात असतो म्हणून.

दिव्याला वॉर्डात परत जायचं होतं, अर्ध्या पाळीतून पळून आली होती. "तुमचा तुमी भरा. सॉफ्टवेअर तं निवडलंच हाये तुमी," असं म्हणून गेली. जाताना दारातून परत आली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे की काय असा.

मी बसलो. म्हटलं, आपलाही वेळेवर भरू. गठ्ठ्यात खंड नको. वारसमित्रातलं माझं पहिलं खातं उघडलं, माझं नाव टाकलं, माझा पॅन टाकला. ते गोल गोल फिरलं आणि म्हणालं:

'क्षमस्व. आमच्या नोंदीनुसार सोमाजी खोब्रागडे हयात नाहीत. त्यांचा रिटर्न केवळ त्यांच्या पत्नी विशाखा भरू शकतात. कृपया विशाखाताईंना बोलवावे.'

मी पडद्याकडं पाहत राहिलो. सतरा दिवसांत, तीन सॉफ्टवेअरांत, एवढं बरोबर मला कोणीच बोललं नव्हतं.

खाली लिहिलं होतं, 'विशाखाताई आल्या का?' आणि त्याच्याखाली 'नंतर आठवण करून द्या'. मी 'नंतर' दाबलं. आणि तसाच बसलो. तारीख गेली. माझा रिटर्न दुसऱ्या दिवशी दिव्यानं सरकारच्याच साईटवर भरला, दंडासकट, वीस मिनिटांत. ती साईट फुकट असते म्हणे, दुसरं सॉफ्टवेअर लागतच नाही. मी म्हटलं, हे आधी काऊन नाई सांगितलं? तर म्हणते, "तुमी विचारलं कुठी? तुमी तं ठोकून राह्यले होते."

वारसमित्र मात्र लॅपटॉपवर आहे अजून. रोज सकाळी नऊ वाजता ते विचारतं, 'विशाखाताई आल्या का?' मी 'नंतर' दाबतो आणि चहा ठेवतो. परवा लालसू आला होता. माझ्या मागं उभा राहून त्यानं ते पाहिलं.

"रोज विचारते का हे?"

"रोज."

"मंग बंद करून टाक ना बे."

मी म्हटलं, "बंद कराचं बटन नाई त्यात."

"हाये ना," लालसू म्हणाला. "ते काय, कोपऱ्यात. लाल. लाल म्हणजे बंद, खाणीत पण तेच होतं. मले बिनाचष्म्याचं दिसून राह्यलं."

लालसूला वाचता येत नाही. त्याच्या बोलण्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका.